अंगणाखालचं पाणी

पाणी कुठे आहे हे मला दिसत नाही. हे आधीच सांगते, कारण कुठल्याही वस्तीवर गेले की पहिल्या दिवशी सगळे माझ्याकडे असे बघतात, की आता ही बाई डोळे मिटणार, पाय आपटणार आणि कारंजं उडणार. मी फक्त मोजते. हाताने फिरवायचं लोखंडी गिरमिट जमिनीत घालायचं, दर अर्ध्या मीटरला वर येणारी माती गोणपाटावर ओळीने मांडायची, बोटांत चुरडून बघायची आणि वहीत लिहायचं. पाणी आठ-दहा मीटरच्या आत असेल आणि वाटेत कातळ नसेल, तर यंत्राशिवाय, नुसत्या दंडाच्या जोरावर दोन दिवसांत विहीर होते. आत चार इंची पाइप, वर हापसा. यात गूढ असं काही नाही, आणि कुणी गूढ आणायला लागलं की माझं डोकं फिरतं.

ही वस्ती एका बोडक्या टेकाडावर होती. एकतीस घरं, पत्र्याची छपरं, मधून खडीचा एक रस्ता. नदी खाली, चांगल्या अर्ध्या तासाच्या उतारावर. उतार इतका तीव्र, की रिकाम्या हाताने उतरतानाही पोटऱ्या भरून याव्यात. बायका तो दिवसातून तीनदा भरल्या घागरी घेऊन चढत. माझ्याबरोबर मिस्त्री होता आणि त्याची तीन माणसं. मिस्त्री अकरा वर्षं माझ्या हाताखाली गिरमिट फिरवतोय, आणि त्यातली दहा तरी त्याने बोलण्यात घालवली असतील.

पहिल्या तीन दिवसांत आम्ही पाच जागा पाहिल्या. शाळेमागे, रस्त्याच्या कडेला, दोन पडीक तुकड्यांत आणि एक नदीच्या वाटेवर. पाचही ठिकाणी दीड-दोन मीटरवर कातळ. गिरमिटाचं पातं खणकन वाजायचं आणि चौघं हात झटकत उभे राहायचे.

मिस्त्री म्हणाला, या वस्तीने पाया भक्कम घेतलाय, घरं पडतील पण जमीन पडायची नाही. कुणी हसलं नाही. तीन दिवसांनी आम्हाला पुढच्या वस्तीवर जायचं होतं, आणि इथे परत कधी येऊ ते मलाच माहीत नव्हतं.

सहावी जागा काकूंनी दिली. सगळी वस्ती त्यांना काकूच म्हणायची, त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. दोन खोल्यांचं घर, पुढे तुडवून गुळगुळीत झालेलं अंगण, अंगणात एक चूल आणि कपडे वाळत घालायची दोरी. काकूंचे गुडघे गेलेले. मुलगा लांब कुठे बांधकामावर, तीन-चार महिन्यांनी यायचा. घरात सून. तिला आठवा महिना लागला होता, आणि तरीही रोज अर्धी का होईना, एक घागर तीच आणत होती, कारण आणायला दुसरं कुणी नव्हतं. शेजारणी मदत करत, पण त्यांनाही त्यांची घरं होतीच.

काकूंनी मला बाजूला घेतलं आणि आवाज न चढवता सांगितलं, "बाई, मागच्या खेपेला ही उतारावर घसरली. सहावा महिना होता. दोन घागरी होत्या. घागरी वाचल्या."

एवढंच बोलून त्यांनी चुलीजवळची जागा दाखवली. मी म्हटलं, बघू. मी असंच म्हणते. वचन देणं माझ्या कामात बसत नाही. पण त्या वेळी मनातून मला ते पाणी हवं होतं, हेही खरं.

सकाळी नऊला गिरमिट लावलं. पहिला मीटरभर काळी माती, वरचा थर तुडवलेला, त्यात कोळशाचे बारीक तुकडे. मग दोन मीटर पिवळी चिकणमाती. तीन मीटरवर वाळू लागली, जाडसर, लालसर, आणि मिस्त्रीने गाणं म्हणायला सुरुवात केली. साडेतीनवर वाळू ओली होती. चारवर ती पातळ होऊन गिरमिटातून गळायला लागली. सुनेने दारातून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. काकू खालीच बसल्या.

इथे थांबायला हवं होतं. दुसरा कुणी असता तर थांबला असता. पण माझी एक सवय आहे आणि मला तिचा अभिमान होता. पाणी लागलं म्हणून मी थांबत नाही, तळ लागेपर्यंत जाते. खालचा कातळ कळला की पाण्याचा थर किती जाड ते कळतं, आणि विहीर कडक उन्हाळ्यात टिकेल की नाही हे सांगता येतं. पूर्वी एकदा मी घाईत थांबले होते. ती विहीर चार महिन्यांत आटली, आणि त्या वस्तीतल्या बायकांचे चेहरे मला अजून आठवतात. म्हणून मी मिस्त्रीला म्हटलं, तळ लागू दे.

साडेचार मीटरवर वाळू कोरडी झाली. मला वाटलं, मिस्त्रीने मातीची अदलाबदल केली. मीटरभर पाण्यातून वर आलेली वाळू कोरडी असूच शकत नाही. मी त्याला झापलं, त्याने ऐकून घेतलं आणि पुढचा घास माझ्यासमोर वर काढला. लालसर वाळू, तळहातावर ओतली तर बोटांतून सुळकन निसटणारी. पाचवर पिवळी चिकणमाती लागली. दोन मीटर तीच. सातवर काळी माती.

गोणपाटावर सोळा ढीग झाले. मी ओळीच्या मधोमध उभी राहिले आणि दोन्हीकडे पाहिलं. डावीकडे जे होतं तेच उजवीकडे, उलट्या क्रमाने. पहिला आणि सोळावा ढीग मी शेजारी शेजारी आणून चुरडला. दोन्हींत तुडवलेल्या मातीचे चपटे पापुद्रे होते. दोन्हींत कोळसा. सोळाव्यातला कोळसा कोमट होता.

घर्षणाने होतं कधी कधी, असं मी मिस्त्रीला सांगितलं. तो म्हणाला, होत असेल.

मग गिरमिट एकदम हलकं झालं. चौघंही पुढे झुकले, कारण खाली जोर घ्यायला काहीच उरलं नव्हतं. पातं मोकळ्यात लोंबत होतं. मिस्त्रीने दांडा घट्ट धरला, आणि त्याच्या मुठीत तो दांडा उलट्या बाजूने अर्धा फेरा फिरला, सावकाश, एखाद्याने हात लावून पाहावा तसा. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी तो पुन्हा गायला नाही.

मी त्याला पोकळी म्हटलं. जमिनीत पोकळ्या असतात, त्यात हवा असते, हवा हलली की लोखंड हलतं. वहीत 'आठ मीटर, पोकळी' असं लिहिलं आणि पाइप उतरवायला सांगितला.

पाइप बसल्यावर चाचणी. ही चाचणी मी झोपेतही करू शकेन. वीस पोहरे पाणी उपसायचं, न थांबता. मग पातळी किती वेळात पुन्हा वर येते ते मोजायचं, एक मिनिटाने, दोन, तीन, पाच, दहा, वीस आणि तीस मिनिटांनी. मोजण्यासाठी पोलादी फितीला खडू घासायचा आणि ती पाइपात सोडायची. जिथवर पाणी तिथवर खडू भिजून काळपट होतो. साधी गोष्ट आहे, चुकायला जागाच नाही.

फीत मी सहा मीटर सोडली आणि वर काढली. साडेतीन मीटरपर्यंत खडू पांढरा. मग मीटरभर काळपट, भिजलेला. आणि त्याखाली पुन्हा पांढरा, कोरडा, मी घासला तसाच, फितीच्या टोकापर्यंत.

फितीचं टोक पाण्यातून गेल्याशिवाय पाण्याखाली जात नाही, हे लहान पोरालाही कळतं. मी फीत पुसली, पुन्हा खडू घासला, पुन्हा सोडली. तीनदा. तिन्ही वेळा तेच. मग मी खालच्या पांढऱ्या भागाकडे बघायचं सोडून दिलं आणि वरचे आकडे लिहिले. आकडे चांगले होते. पातळी वेळेत भरत होती. हिशेब केला तर एकतीस घरांना पुरेल, जेमतेम.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच पातळी बघायला गेले. ऊन वर आलं होतं, अंगणात कपडे वाळत होते. पाइपात टॉर्च मारला तर पाणी चकाकलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत खाली गेलं. वीतभर. थांबलं. पुन्हा तेवढंच. थांबलं. पुन्हा.

मी मोजायला लागले, कारण मला दुसरं काही येत नाही.

वीस वेळा. त्यानंतर पाणी स्थिर झालं आणि हळूहळू वर यायला लागलं. मनगटावरच्या घड्याळात एक मिनिट झालं आणि पाइपाच्या आतून अगदी बारीक आवाज आला, पोलादी फीत पाइपाला घासली की होतो तसा. दुसऱ्या मिनिटाला पुन्हा. तिसऱ्याला. मग पाचव्याला. मग दहाव्याला.

मी तिथे अर्धा तास बसून राहिले. विसाव्याला आला. तिसाव्याला आला. मला भीती वाटत होती, अगदी साधी. तिकडेही कुणीतरी मोजत होतं. माझ्याच पद्धतीने, आणि माझ्याइतकंच नीट.

सून केव्हा शेजारी येऊन बसली ते मला कळलं नाही. बसताना तिने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि तोंडाने श्वास सोडला.

"तीही अशीच बसते, ताई," ती म्हणाली. "आवाज येतो. कुणीतरी अवघडलेली आहे."

मी विचारलं, कोण?

तिने पाइपाकडे पाहिलं आणि खांदे उडवले. कालपासून ऐकतेय, म्हणाली. येते, बसते, भांडं ठेवते. चालताना मध्ये थांबते. तिचे दिवस माझ्या आधी भरतील असं वाटतं. हे सगळं तिने असं सांगितलं, की जणू शेजारच्या घरातल्या बाईबद्दल बोलतेय.

मी पाइपाला कान लावला. मला काहीच ऐकू आलं नाही.

मिस्त्रीला मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, हसेल. तो म्हणाला, "मॅडम, बुजवू या. कातळ लागला म्हणून लिहा. कोण विचारतंय?"

कुणीच विचारलं नसतं. पाच ठिकाणी कातळ लागला होता, सहाव्या ठिकाणीही लागला असता. पण काकू दारात उभ्या होत्या, आणि आदल्या दिवशी पाणी लागल्यापासून त्यांनी सुनेला नदीवर जाऊ दिलं नव्हतं. आज शेजारणीकडून उसनं पाणी घेतलं, उद्यापासून आपलंच, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या. घर काय, वस्तीच बदलली होती. बायका उगाचच अंगणात डोकावून जात होत्या.

दुपारभर मी वही घेऊन बसले. पाण्याचा थर मीटरभर. भरायचा वेग ठरलेला. त्यावर एकतीस घरं चालतात. बासष्ट चालत नाहीत. कितीही उलटसुलट मांडलं तरी उत्तर तेच येत होतं. ज्याचा हापसा आधी बसेल, पाणी त्याचं.

खालच्यांची दया आली का? आली. पण खालचं माणूस मी पाहिलं नव्हतं, आणि ही पोर माझ्यासमोर बसून तांदूळ निवडत होती. तिचे पाय सुजले होते. मी वहीत 'जागा योग्य' असं लिहिलं आणि खाली सही केली.

मिस्त्रीने पाच मीटरवर पाइपात चिकणमाती आणि सिमेंटचा बूच ठोकला, म्हणजे खालचा भाग कायमचा बंद. त्याचा हट्टच होता, आणि माझीही ना नव्हती. चौथऱ्यावर हापसा बसवला. मोजमापासाठी बाजूला एक छोटं भोक, त्यावर फिरकीचं झाकण. पहिली घागर काकूंनी भरली, दुसरी सुनेने. लोकांनी आम्हाला हात जोडले. मिस्त्री गाडीत पुढे जाऊन बसला होता.

निघण्याआधी मी एकदा पातळी मोजली. तिकडूनही उपसा चालू होता. पण आता तो नीट नव्हता. वीस वेळा नाही, मिनिटं बघून नाही. भरभर, मिळेल तेवढं.

चार महिन्यांनी, कडक उन्हाळ्यात, मी तपासणीला परत गेले. तो आठवडा वाईट होता. माझ्या यादीतल्या बारा विहिरींपैकी सात आटल्या होत्या, बाकीच्यांची पातळी मीटर-दीड मीटर खाली. मिस्त्रीने या वस्तीवर यायला नकार दिला, कारण न सांगता. मीही विचारलं नाही.

काकू मला रस्त्यावरच भेटल्या. खांद्यावर नात. दोन महिन्यांची, गुटगुटीत, गाढ झोपलेली. बाळंतपण सुखरूप झालं, अंगणातच पाणी होतं म्हणून निभावलं, बाई तुमचे उपकार, असं बरंच काही त्या बोलल्या. गुडघे दुखत असूनही त्या नातीला अख्ख्या वस्तीत मिरवत होत्या. मला भरून आलं, आणि थोडा वेळ मला वाटलं की मी बरोबर केलं.

घरी सून एकटीच होती. मी फीत सोडली, वर काढली, आणि पुन्हा सोडली, कारण आकडा पटत नव्हता. पातळी पंचेचाळीस सेंटिमीटर वर आली होती. एकतीस घरं दिवसभर हापसत असताना, अशा उन्हाळ्यात, पाणी वाढलं होतं. मी वहीत लिहिलं, 'पातळीत सुधारणा. विहीर उत्तम.'

"आता ते घेत नाहीत ना," सून म्हणाली. "म्हणून."

ती आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. सासूबाईंना सांगू नका, म्हणाली. हापसा बसल्यापासून ती रोज दुपारी, काकू बाहेर गेल्या की, मोजमापाचं झाकण उघडून एक तांब्या पाणी आत ओतायची. तिकडच्या बाईसाठी.

"आधी भांड्यात पडायचं, ताई. ती धरायची. सुरुवातीला उभी राहून, मग बसून. तिचं बाळंतपण झालं तेही मी ऐकलं. कुणी नव्हतं तिच्याजवळ. बाकीचे कधीच निघून गेले असतील." ती थांबली. "परवापासून भांड्याचा आवाज येत नाही."

मी तिला म्हणणार होते की पाच मीटरवर सिमेंट आहे, वर पाणी आहे, ओतलेलं पाणी पाण्यातच पडणार. तिने तांब्या माझ्या हातात दिला.

मी ओतलं.

पाण्यात पाणी पडल्याचा आवाज मला कळतो. चिखलातला कळतो, वाळूतला कळतो. यातला एकही आला नाही. बराच वेळ काहीच आलं नाही. मग खूप खालून, तापलेल्या, कोरड्या, तुडवलेल्या मातीवर पाणी पडल्याचा आवाज आला, आणि लगेच विरला.

त्यापाठोपाठ रडणं.

बारीक, घसा बसलेलं, तान्ह्या बाळाचं. मी दचकून रस्त्याकडे पाहिलं. काकू वस्तीच्या त्या टोकाला उभ्या होत्या, कुणाशी तरी बोलत. नात त्यांच्या खांद्यावर तशीच झोपलेली होती.

सून भोकावर वाकली होती.

"कालच्यापेक्षा कमी झालंय," ती म्हणाली.

तिने दोन्ही हात छातीशी आवळून धरले होते, आणि हातांखाली तिच्या कपड्यांवर दुधाची ओल पसरत चालली होती.